जुनी पिकअप घरी दुरुस्त करताना: काय आधी, काय नंतर

अंगणातली जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायचं घरात ठरलं की पहिली चर्चा रंगाची होते. मुलांना लाल हवा असतो, आजोबांना मूळचा पांढरा. काम तिथूनच चुकायला लागतं. रंग ही या कामातली जवळजवळ शेवटची गोष्ट आहे. ती आधी उरकली की वेल्डिंगच्या ठिणग्या, ब्रेक ऑइलचे थेंब, पान्यांचे ओरखडे सगळे त्या नव्या रंगावरच पडतात.

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी या भागात अशा अर्धवट उघडलेल्या पिकअप मी बऱ्याच पाहिल्या आहेत. इंजिन पडवीत, दरवाजे गोठ्यात, नट-बोल्ट एका पत्र्याच्या डब्यात. त्या घरांत हौस होती, पैसेही होते. फक्त क्रम चुकला होता. आमच्याकडेही पहिल्या वर्षी तेच झालं. बाबांनी सुपारी-नारळ वाहायला घेतलेली १९९४ची टाटामोबाइल आम्ही आधी केबिन रंगवून घेतली आणि चॅसीचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, गंज नंतर सापडला. वेल्डिंगसाठी केबिन उचलावी लागली आणि रंग पुन्हा मुळापासून करावा लागला. ज्यांना ते टाळायचं आहे त्यांच्यासाठी हा क्रम लिहितो आहे.

टप्पा १: आधी कागद, मग पाना

एकही नट सैल करण्यापूर्वी आरसी पुस्तक काढा. त्यावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर जुळवा. चॅसी नंबर शोधताना मातीचा थर ओल्या फडक्याने पुसा. तिथे ग्राइंडर, घन किंवा वायर ब्रश लावू नका. तो आकडा एकदा पुसला गेला की गाडी कितीही चांगली झाली तरी तपासणीत अडकते.

पिकअप बहुतेक वेळा मालवाहू म्हणून नोंदलेली असते. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी असेल तर फिटनेस दर वर्षी करावा लागतो. खाजगी नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते; त्यानंतर फॉर्म २५ भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवायची. आपली गाडी यांतल्या कुठल्या खान्यात बसते ते आधीच पाहून घ्या.

गाडी दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. मालक वारल्यावर ३० दिवसांत कळवायचं असतं. बहुतेक घरांत ते राहून गेलेलं असतं, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात हाती घ्या. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला लागेल. कर्ज फेडून वीस वर्षं झाली तरी तो बोजा आपोआप उतरत नाही.

तीन गैरसमज नेहमी कानावर येतात. एक, "तीस वर्षांची झाली म्हणजे व्हिंटेज." नाही. व्हिंटेज नोंदणी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं ओलांडलेल्या, मूळ स्वरूपातल्या, खाजगी वापराच्या गाड्यांना मिळते आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. दोन, "दहा वर्षांवरची डिझेल गाडी आता चालवताच येत नाही." तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, गोव्याचा नाही. तीन, "इंजिन दुसरं बसवू, मग सांगू." इंजिन बदलायचं असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते. रंग बदलला तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो.

> तपासा: आरसी, दोन्ही नंबर, बोजा, थकलेला कर, वारस नोंद. यांतलं एक जरी सुटत नसेल तर ते सुटेपर्यंत गाडी उघडू नका.

टप्पा २: ऋतू पाहून दिवस ठरवा

गोव्यात हे काम पावसाच्या हिशेबाने करावं लागतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो आणि ऑक्टोबरपर्यंत हवेतली ओल जात नाही. उघडा केलेला लोखंडी पत्रा आपल्याकडे एका रात्रीत पिवळसर होतो, पाऊस नसला तरी. म्हणून दसऱ्याला गाडीची पूजा करा आणि दुसऱ्या दिवसापासून उघडायला घ्या. वेल्डिंग नाताळाच्या आत आणि रंग फेब्रुवारी संपण्याआधी होईल अशी आखणी करा. मार्च-एप्रिल वायरिंग, काचा, सीट आणि कागदांसाठी ठेवा. काजूचा हंगाम असलेल्या घरांत मार्चनंतर कुणाला फुरसत नसते, हेही धरून चाला.

एका हंगामात होत नसेल तर दोन हंगाम घ्या. फक्त पहिल्या पावसाआधी प्रत्येक उघडा पत्रा प्रायमरखाली गेलेला असला पाहिजे.

जागा निवडताना वर पाहा. माडाखाली गाडी ठेवू नका. एक नारळ नवं बॉनेट चेपवतो, आणि खाली मुलं काम करत असतील तर त्याहून वाईट. आंब्या-काजूखाली चीक पडतो. जमीन मातीची असेल तर निदान चारही चाकांखाली आणि जॅकच्या जागी चिरे किंवा काँक्रीट घाला, कारण ओल खालून वर चढते. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. आत घाम सुटतो आणि झाकलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा लवकर गंजते. वर छप्पर, बाजू मोकळ्या, हे सगळ्यांत चांगलं.

टप्पा ३: वही, पिशव्या आणि माणसं

घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं म्हणजे सगळ्यांनी सगळं करायचं असं नव्हे. निर्णय एकाने घ्यायचा, आणि तो कोण ते पहिल्या दिवशी ठरवायचं. आमच्याकडे यांत्रिक कामात बाबांचा शब्द शेवटचा होता, पैशांत माझ्या पत्नीचा. भावाने परस्पर टायरची ऑर्डर दिली तेव्हा ती तिने थांबवली, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा मागच्या चाकांची बेअरिंगसुद्धा उघडून पाहिलेली नव्हती.

मुलांना खोटी कामं देऊ नका. दहा-बारा वर्षांचं मूल फोटो काढणं, पिशव्यांवर लिहिणं, बोल्ट घासलेटात धुऊन आटे तपासणं ही कामं मोठ्यांपेक्षा नेटकी करतं. ग्राइंडर, वेल्डिंग, रंगाची गन आणि गाडीखाली सरकणं मुलांना नाही.

पिशव्यांची पद्धत अशी: जाड प्लास्टिकची झिपवाली पिशवी, आत बोल्ट, आणि सोबत कागदाची चिठ्ठी. पेनाने पिशवीवर लिहिलेलं तेलाच्या हाताने पुसलं जातं, म्हणून चिठ्ठी आत हवी, आणि ती पेन्सिलीने लिहिलेली. "डावा दरवाजा, वरची बिजागरी, बाहेरचे २ लांब, आतला १ आखूड, वॉशर १ वाकलेला." इतकं लिहायचं. नुसतं "दरवाजा" लिहिलेली पिशवी सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरते. जिथे शक्य असेल तिथे बोल्ट काढल्यावर त्याच भोकात दोन आटे फिरवून परत लावून ठेवा. ते हरवत नाहीत.

प्रत्येक भाग काढण्याआधी तीन फोटो घ्या: लांबून, जवळून, आणि वायर-पाइप कुठून कसे जातात ते दाखवणारा. तुटका भाग नवा येईपर्यंत टाकू नका. दुकानात नमुना दाखवावा लागतो.

खर्चाची वही रोज लिहा. सगळा अंदाज झाल्यावर त्यात निदान एक तृतीयांश वाढवा. उघडल्यावर गंज नेहमी जास्तच निघतो.

टप्पा ४: धुवा, मग ठोकून पाहा

आपल्याकडे गाडीच्या पोटाला तांबड्या मातीचा थर असतो. खाणपट्ट्यात चाललेल्या गाडीला तर तो सिमेंटसारखा बसतो. त्या थरात ओल वर्षभर टिकते आणि आतून चॅसी खाते. आधी लाकडी पट्टीने माती पाडा, मग दाबाच्या पाण्याने धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा, आणि मग लहान हातोडी घेऊन खाली जा.

चॅसीवर वीतभर अंतराने हलके ठोके द्या. चांगलं लोखंड ठणठणतं. कुजलेलं लोखंड भद्द आवाज करतं आणि खपली उडते. आमच्या गाडीत मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटजवळ तो भद्द आवाज आला. बाबांनी तिथे अंगठा दाबला, आणि नखाएवढा तुकडा आत गेला. वरून काळा रंग अगदी शाबूत होता.

जिथे हमखास पाहायचं त्या जागा: पाट्यांच्या ब्रॅकेटा आणि शॅकल, क्रॉस मेंबर चॅसीला मिळतो ते कोपरे, स्टीअरिंग बॉक्सची बैठक, केबिनच्या पुढच्या बैठका, पायाखालचा पत्रा (रबर मॅट उचलून), बॅटरीची पेटी, पुढच्या काचेची खाच, दरवाजांची खालची कड, आणि हौदा-केबिनमधली फट. किनारपट्टीवरची गाडी असेल तर ब्रेकचे लोखंडी पाइप बोटाने चाचपून पाहा. खाऱ्या हवेत ते बाहेरून फुगतात.

याच वेळी इंजिन हाताने फिरतं का तेही पाहा. अडकलेलं असेल तर हिटर प्लग किंवा नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल सोडा, तीन-चार दिवस थांबा, आणि पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हळूहळू मागेपुढे करा. दुसऱ्या गाडीने ओढून अडकलेलं इंजिन सोडवू नका. पिस्टनच्या ज्या रिंगा वाचल्या असत्या त्याही मोडतात.

> निर्णयाची जागा: चॅसीचा मुख्य पट्टा एकाहून जास्त ठिकाणी कुजलेला असेल, किंवा स्टीअरिंग बॉक्सजवळ भेग असेल, तर अनुभवी चॅसी वेल्डरला घरी बोलावून दाखवा. तो "नको" म्हणाला तर ऐका.

टप्पा ५: उघडण्याचा क्रम

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची, आणि जोडताना ती सगळ्यांत शेवटी. मग सीट, मॅट, आतलं अस्तर, मग काचा आणि त्यांची रबरं, मग हौदा, मग बॉनेट, मडगार्ड, दरवाजे. केबिन गरज असेल तरच उचला. दरवाजे काढण्याआधी त्यांच्या चारही बाजूंच्या फटी मोजून वहीत लिहा, नाहीतर नंतर दरवाजा कुठे बसत होता यावर घरात वाद होतो.

काचेचं रबर न काढता रंग मारणं ही गॅरेजांतली सर्वांत जुनी पळवाट आहे. रबराखाली गंज तसाच राहतो आणि दुसऱ्या पावसात रंग फुगतो. रबर काढाच.

जाम झालेल्या बोल्टवर आदल्या दिवशी रस्ट स्प्रे मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग सहा कोनी सॉकेट लावा. आधी किंचित आवळून मग सोडवला तर तुटण्याची शक्यता कमी होते.

> सावध: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, "एकच मिनिट" म्हणूनसुद्धा नाही. जॅकखाली जाड फळी, चॅसीखाली लोखंडी स्टँड, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मातीत किंवा सुट्या चिऱ्यांवर स्टँड लावू नका.

टप्पा ६: वेल्डिंग एका दमात, आणि गंजाचा बंदोबस्त

चॅसी, केबिन, हौदा: जिथे जिथे वेल्डिंग लागणार ते सगळं याच टप्प्यात. "तेवढा एक पॅच नंतर" असं ठेवलं की तो पॅच नंतर वायरिंग जाळतो. डिझेलची टाकी आणि पाइप आधी काढून लांब ठेवा. टाकीला वेल्डिंग घरी कधीच करू नका. रिकामी दिसणारी टाकी आतल्या वाफेने फुटते.

कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कुजका भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा आणि नवा तुकडा तितक्याच जाडीचा, कडेला कड मिळवून लावायचा. दोन पत्र्यांच्या मधे राहिलेली फट पाणी धरते. केबिनचा पातळ पत्रा सलग वेल्ड केला तर वाकतो. ठिपके-ठिपके देत, जागा बदलत, थंड होऊ देत जायचं.

आता गंज. ग्राइंडरला वायर कप लावून सुटा गंज आणि जुना रंग काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे धूळरोधक मास्क, चश्मा, आणि शक्य तिथे ओलं घासणं. धूळ झाडून नेऊ नका, ओल्या फडक्याने गोळा करा. खड्ड्यांत जो घट्ट काळसर गंज उरतो त्यावर फॉस्फोरिक ॲसिड असलेलं गंजरोधक लावा. सुट्या खपल्यांवर लावून काही उपयोग नाही. ते वाळल्यावर डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसायचं किंवा धुवायचं, आणि मग त्याच दिवशी प्रायमर.

इथे आपल्याकडची सर्वांत महाग पडणारी चूक होते. गॅरेजवाले रेड ऑक्साइड मारून देतात आणि गाडी पावसाळाभर तशीच उभी राहते. रेड ऑक्साइडचा तो थर ओल आत घेतो. वरून लाल दिसत असतो आणि खाली गंज चालू असतो. आपल्या हवेत उघड्या लोखंडावर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर हवा. महाग आहे, पण गाडी अर्धवट राहिलीच तर तो पावसाळा काढून देतो.

सांध्यांवर सीम सीलर भरा. चॅसीच्या पोकळ भागात, दरवाजांच्या आत वॅक्सचा फवारा मारायचा असतो, पण तो रंग झाल्यावर. आधी मारला तर रंग धरत नाही. दरवाजांच्या खालची पाणी जाणारी भोकं सीलरने किंवा लांबीने (पुट्टीने) बुजवू नका.

> तपासा: वेल्डिंग संपलं का? खरंच संपलं का? वहीतली पाहणीची यादी घेऊन प्रत्येक जागेवर खूण करा. यानंतर गाडीजवळ वेल्डिंग मशीन यायला नको.

टप्पा ७: ब्रेक, स्टीअरिंग, टायर

इंजिन सुरू करायची घाई सगळ्यांना असते. पण सुरू झालेली गाडी कुणीतरी चालवून पाहणारच, म्हणून ती थांबायची सोय आधी.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होस आणि गंजलेले पाइप बदलूनच टाका. काटकसर करायला गाडीत इतर जागा भरपूर आहेत.

ब्रेक ऑइल गाडीतल्या त्याच्या टाकीच्या टोपणावर लिहिलं असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं. ते हवेतली ओल शोषतं; आपल्याकडे मागच्या वर्षीचा अर्धा उघडा डबा वापरायच्या लायकीचा राहत नाही. इंजिन ऑइल त्यात चुकूनही गेलं तर रबरं फुगतात आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. ब्रेक ऑइल रंगही उचलतं, रंग शेवटी ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढण्याचा क्रम: मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. हे दोघांचं काम आहे. आमच्याकडे पेडलवर माझी मुलगी होती, चाकाशी बाबा. बाबा म्हणायचे, "बाय, दाब." ती पेडल दाबून धरायची आणि म्हणायची, "धरलं, आजो." ते चाकामागचं हवा काढायचं निपल उघडायचे, पेडल खाली जायचं, निपल बंद व्हायचं, आणि मग ते म्हणायचे, "आता सोड." सगळी चूक या "सोड"मध्ये होते. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा पुन्हा आत ओढली जाते. पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत करायचं, आणि मधेमधे टाकीतलं ब्रेक ऑइल पाहायचं. ते तळाला गेलं तर पहिल्या चाकापासून सुरुवात.

शेवटी पेडल एक मिनिट जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे.

स्टीअरिंगमध्ये टाय रॉडची टोकं, बॉल जॉइंट आणि बॉक्सचा ढिलेपणा पाहा. मागच्या पाट्यांचे बुश बदला. यू बोल्टचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उतरवून, वजन पडल्यावर द्या.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी दहा वर्षांचा टायर रस्त्यावर नेऊ नका. स्टेपनीचेही आकडे वाचा.

टप्पा ८: इंजिन आणि डिझेल

जुनं डिझेल काढून टाका, टाकी आतून धुवा, फिल्टर नवे. डिझेल पंप आणि नोझल स्वतः उघडू नका. ते कॅलिब्रेशनवाल्याचं काम, आणि त्याच्याकडे दोन्ही एकत्र द्या. हेड, क्रँक यांचं मशीन काम बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात नीट होतं. नेण्याआधी काय काय करायचं याची लेखी यादी सोबत द्या. टाटामोबाइलवाल्यांसाठी एक सोय आहे: तिचं १९४८ सीसीचं डिझेल इंजिन सिएरा आणि जुन्या सुमोतही होतं, त्यामुळे गॅस्केट, रिंगा, पंपाचे भाग शोधताना सुमोचं नाव घेऊन विचारा.

डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधट दिसलं तर पाणी आत जातंय. कारण सापडेपर्यंत सुरू करू नका. रेडिएटर, होस, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट पाहा, आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घाला.

सुरू करण्याआधी डिझेल लाइनमधली हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग डिझेल बंद ठेवून सेल्फने थोडं थोडं फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच खरं स्टार्टिंग.

> सावध: वर्षानुवर्षं बंद असलेल्या डिझेल पंपाची आतली, डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी अडकलेली असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेतं आणि चावी फिरवून थांबत नाही. एअर फिल्टर काढून ठेवा, आणि एका माणसाने हवेचं तोंड झाकेल एवढी जाड फळी घेऊन उभं राहायचं. हात लावायचा नाही. नोझलच्या पाइपाची गळतीही बोटाने शोधू नका. ती धार कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहा.

टप्पा ९: लांबी आणि रंग

इथवर आलात तर रंगाची चर्चा करायला हरकत नाही.

ठोके काढण्याचं काम टिंकरकडून हातोडी-डॉलीने करून घ्या. लांबी शेवटचा बारीक फरक भरायला असते, साधारण ३ मिलिमीटरपर्यंत. लांबी ओल धरते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर नव्हे, एपॉक्सीवर द्या. घासायला आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०, आणि रंगाआधी ६००. घरच्यांना यात भरपूर हात लावता येतो: पाणी, ठोकळ्यावर गुंडाळलेला पेपर, आणि संयम. हातात नुसता पेपर धरून घासलं तर बोटांच्या रेषा रंगानंतर उन्हात दिसतात.

रंगाच्या दिवशी हवेतली ओल ८५ टक्क्यांहून कमी हवी आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. जानेवारीत आपल्याकडे पहाटे दंव पडतं आणि सकाळी नऊपर्यंत बॉनेट ओलसर असतं. हात फिरवून कळत नाही, काचेवर पाहा. ऊन वर आल्यावर सुरू करा आणि दुपार उतरण्याआधी संपवा. ओल्या हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो.

शेवटचा थर टू-के पीयूचा (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाचा) देणार असाल तर तो घरी मारू नका. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. तयार केलेली गाडी बूथ असलेल्या पेंटरकडे न्या. घासण्याची मजुरी घरी वाचवलीच आहे, ती इथे द्या.

टप्पा १०: वायरिंग, काचा, हौदा

जुन्या वायरिंगला उंदीर लागलेले असतात आणि मधेमधे टेपचे जोड असतात. जोडांची संख्या पाच-सहाच्या वर गेली तर पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) नवा घ्या. वायर पिळून टेप गुंडाळणं आपल्या पावसात टिकत नाही. लग दाबून, वर उष्णतेने आवळणारी नळी. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकाकतं लोखंड दिसलं पाहिजे, बोल्ट आवळल्यावर वर ग्रीस. दिवे मंद लागतात ही तक्रार बहुतेक वेळा अर्थिंगची असते. हेडलाइटला रिले द्या.

काचेला नवं रबर. हौद्यात लाकडी फळ्या असतील तर त्यांच्याखाली हवा खेळेल अशी फट ठेवा. फाळक्याच्या साखळ्या आणि कड्या जुन्याच ठेवायला हरकत नाही, पण खिळ घट्ट बसते ना ते पाहा. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान भरून आणताना मागे मुलं बसायचा हट्ट धरतात. त्यांना बसवू नका, आणि फाळका उघडा ठेवून चालवू नका.

टप्पा ११: पहिल्या फेऱ्या

विमा, पीयूसी, फिटनेस किंवा नूतनीकरण, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट: हे झाल्याशिवाय अंगणाबाहेर नाही. तोवर अंगणातच दहा वेळा पुढे-मागे, दहा वेळा ब्रेक.

मग गावातला सपाट रस्ता, पाच किलोमीटर. परत येऊन चारही ड्रमजवळ हात न्या. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसतो आहे. खाली पुठ्ठा पसरून रात्रभर गाडी उभी करा आणि सकाळी डाग पाहा. ५० किलोमीटरवर चाकांचे नट पुन्हा आवळा, यू बोल्टही. इंजिन बांधलेलं असेल तर ५०० किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदला.

चढासाठी फोंड्याजवळच्या फर्मागुडीपासून सुरुवात करा. तापमानाचा काटा स्थिर राहिला तरच चोर्ला घाट, तोही आधी रिकाम्या हौद्याने. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून घाट उतरू नका.

पहिल्या पावसात गाडी बाहेर काढा आणि घरी आल्यावर मॅट उचलून पायाखालचा पत्रा चाचपा, काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बोट फिरवा, दरवाजांच्या खालच्या भोकांत नारळाच्या हिराची काडी घालून ती मोकळी आहेत का पाहा. पाणी आत येत असेल तर त्याच आठवड्यात रबर काढून सीलर भरा. पुढच्या दसऱ्याची वाट पाहू नका.